शकुबाईच्या संत्र्यावरचा डाग

"माझ्यासारखा माणूस शंभर वर्षांत एकदाच जन्मतो, आणि तो दरवेळी पांढुर्ण्यातच जन्मेल याची खात्री नाही," असं गुणवंतराव खवसे स्वतःविषयी सांगत. कुणी विचारण्याची वाट ते पाहत नसत. दिवसा ते जिनिंग मिलमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर बसत आणि उरलेल्या वेळात खाजगी गुप्तहेर असत. त्यांची नजर म्हणे घारीची होती. ही घार कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधायची आणि तो सापडायचा सुखदेवला. सुखदेव त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. बहिणीचं लग्न ठरवताना सगळ्यांनी पत्रिका पाहिली होती, पण पत्रिकेत गुप्तहेरीचा दोष दाखवत नाहीत.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात सौंसरच्या संत्रा बागायतदार मंडळाने फोटोंची स्पर्धा ठेवली. नियम सरळ होते. स्पर्धक हौशी असावा, स्टुडिओवाला नको. फोटो त्याने स्वतः काढलेला असावा, सोबत निगेटिव्ह द्यावी, आणि फोटोवर ब्रश, पेन्सिल किंवा शाई चालवलेली नसावी. गुणवंतरावांनी 'विचारमग्न गुप्तहेर' या नावाने स्वतःचाच फोटो दिला.

"फोटोत तुम्ही आहात, मग बटण कोणी दाबलं?" परीक्षक नलिनीताईंनी विचारलं. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

"स्टुडिओवाल्याने. पण विचार माझा होता."

"आणि डोक्यावरचे केस?"

तेही स्टुडिओवाल्याचेच होते. त्याने पेन्सिलीने भरघोस पीक घेतलं होतं. फोटो बाद झाला. दुसरा कुणी गुपचूप घरी गेला असता, पण गुणवंतरावांना आता नियम तोंडपाठ झाले होते आणि ते वाया जाऊ देणं त्यांना पटेना. त्यांनी मंडळाला आपली गुप्तहेरी फुकट देऊ केली. नलिनीताई नको म्हणाल्या. तो त्यांचा विनय आहे, असं गुणवंतरावांनी सुखदेवला समजावलं.

सगळे फोटो मंडळाच्या हॉलमध्ये टाचून लावले होते. त्यांत पांढुर्ण्याच्या विजयमालेचा फोटो उठून दिसत होता. तिगावच्या शकुबाईच्या बागेतलं संत्र्याचं झाड, फांद्या भाराने वाकलेल्या. फोटो काळापांढरा होता, तरी पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटत होतं. विजयमालेच्या वडिलांनी, बापूजींनी, शब्द दिला होता: पहिली आलीस तर नागपूरला फोटोग्राफी शिकायला पाठवतो, नाही तर कॅमेरा ठेवून दे आणि मुकाट्याने शिवणाचा क्लास लाव. शिवणकामात पोरीला सुई टोचण्यापलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा जीव त्या फोटोत अडकला होता.

निकालाच्या दिवशी सकाळी गुणवंतराव त्या फोटोसमोर थबकले. सगळ्यात मोठ्या संत्र्यावर एक छोटासा काळा, गोल डाग होता, तोवर कुणाच्याच लक्षात न आलेला.

"सुखदेव! गुन्हा!"

"काय झालं, भाऊजी?"

"हात नको लावू! पुरावा हाय." त्यांनी फोटोसमोर दोन खुर्च्यांमध्ये सुतळी बांधली. नलिनीताई पुढे आल्या, त्यांनाही अडवलं.

पहिला सिद्धांत असा की, डाग मूळ फळावरच होता. मग ते फळ तपासायला हवं. निकालासाठी सकाळीच आलेली विजयमाला म्हणाली, "ते तं कवाच तोडलं. खाल्लं बी असन कोनी." पुरावा खाऊन नष्ट केल्याची गुणवंतरावांनी गंभीर नोंद घेतली.

दुसरा सिद्धांत माशीचा. फोटो काढताना कॅमेऱ्याच्या काचेवर माशी बसली. "माशी काचेवर बसली तं एवढीशी कशी दिसन?" सुखदेवने विचारलं. "दूर बसली असन," गुणवंतराव म्हणाले, आणि काचेवर बसलेली माशी काचेपासून दूर कशी, हे विचारायचं सुखदेवने टाळलं. संध्याकाळी भाऊजींच्या शेजारी बसूनच बसने पांढुर्ण्याला परत जायचं होतं.

तिसरा सिद्धांत निगेटिव्हला भोक असल्याचा होता, आणि खरं सांगायचं तर तो बराच शहाणा होता. म्हणून सुखदेवला धास्ती वाटली. निगेटिव्ह खिडकीशी उजेडात धरली. ती स्वच्छ निघाली.

"निगेटिव्हवर डाग नाही, फोटोवर हाय. म्हणजे हा मागाहून ब्रशने काढला!" गुणवंतराव गरजले. "नियमाप्रमाणे फोटो बाद!"

"मी कायले डाग काढू जी माह्याच फोटोवर?" विजयमालेचे डोळे भरून आले.

"तेच तर रहस्य हाय."

नलिनीताईंचा चेहरा पडला. डाग तर समोर दिसत होता आणि नियम त्यांनीच केला होता. सुखदेवला आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींचा मनापासून राग आला. मुकाट्याने चष्मा शोधून देणं वेगळं, पण रडवेल्या पोरीसमोर मिशी पिळणारा माणूस त्याला पाहवेना.

एवढ्यात दारातून शकुबाई आल्या. आपलं झाड सौंसरच्या भिंतीवर कसं दिसतं, हे बघायला त्या खास बसने आल्या होत्या. त्या थेट फोटोजवळ गेल्या, सुतळी कमरेखाली दाबून ओलांडली आणि समाधानाने मान हलवली.

"हाय बाप्पा तीट. मले वाटलं पुसली असन कोनी."



"तीट?" गुणवंतराव म्हणाले.

"पोरगी फोटो दाखवाले आली होती. ते चहा पिऊन राहिली होती तवा म्या डोयातलं काजय बोटानं लावलं अन् पाकिटात घालून, पाकीट चिकटवून देल्ला. एवढे लोक पाहून राहिले, माह्या झाडाले नजर नाही लागन का?"

"नियमात ब्रश, पेन्सिल, शाई हाय," सुखदेव पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "बोट नाही. अन् काजळही नाही."

"पण फोटोवर खूण तर आहे," नलिनीताई म्हणाल्या. "आजी, ही पुसून टाकू. मग फोटो निगेटिव्हशी जुळेल."

"पुसाची नाही!" शकुबाई फोटोला पाठ लावून उभ्या राहिल्या. "पुढच्या बहाराले फय नाही आलं तं तुम्ही देसान का?"

याला नियमावलीत उत्तर नव्हतं. पुसावं तर झाड धोक्यात आणि ठेवावं तर नागपूर. गुणवंतराव चौथ्या सिद्धांताची जुळवाजुळव करू लागले. विजयमालेने डोळे पुसले.

"मावशी, लेकराले तीट गालावरच लावतात का?"

"कानामागंही लावते."

"मंग याच्याही मागूनच लावा ना."

शकुबाईंनी विचार केला. नलिनीताईंनीही केला. फोटोच्या मागच्या बाजूबद्दल नियम काहीच म्हणत नव्हते. कापसाच्या बोळ्याने पुढची तीट निघाली, फोटो उलटा झाला, आणि शकुबाईंनी डोळ्याच्या कडेला बोट फिरवून मागे चांगली ठसठशीत तीट लावली.

दुपारी निकाल लागला. विजयमाला पहिली. बापूजी टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबले, कारण नागपूरच्या खोलीच्या भाड्याचा विचार त्यांच्या मनात आला, पण शब्द चारचौघांत दिलेला होता. "जा मंग," ते म्हणाले. पोरीला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"चालली माही माय नागपूरले," म्हणत शकुबाईंनी तिच्या कानामागे काजळाचं बोट टेकवलं.

गुणवंतरावांनी घसा खाकरला. प्रकरण आपणच सोडवलं, हे ते तोपर्यंत चौघांना सांगून आले होते. त्यांनी वाकून कान पुढे केला.

"मावशी, माझ्यावरही साऱ्या जगाची नजर असते."

शकुबाईंनी त्यांना टकलापासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं.

"तुले कोन पाहून राहिलं रे, बाबू?"