मी सगळं सोडलं आहे

अकरा वर्षं माझं पोट दुखत होतं आणि अकरा वर्षं जो तो मला ‘कमी खात जा’ एवढंच सांगत होता. त्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून सांगितलं की हा सीलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही, आता जन्मभर गहू बंद, कणभरसुद्धा नाही. दुसरा कोणी खचला असता. मला नाचावंसं वाटलं. शत्रूचं नाव कळलं होतं, आता त्याला एका दिवसात घराबाहेर काढतो की नाही बघा!

शनिवारी बायको ग्रंथालयात कामाला गेली आणि मी कंबर कसली. कणीक, मैदा, ब्रेड, बिस्किटं, सुपाची पाकिटं, सोया सॉससुद्धा! डबे घासले, टोस्टर उलटा धरून झटकला. दोन खोकी भरली. फेकायचं जिवावर आलं, म्हणून ती जिन्यात ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली : ‘मी सगळं सोडलं आहे. आजपासून नवं आयुष्य. ज्याला हवं त्याने न्यावं.’ आणि उत्साहाच्या भरात फोन घरीच विसरून तांदळाच्या पिठाच्या शोधात निघालो.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांनी चिठ्ठी वाचली, दार ठोठावलं, आत कोणी नाही. त्यांनी बायकोला फोन करून चिठ्ठी वाचून दाखवली. बायकोला माझा आजार ठाऊक होता. पण ‘सगळं’मध्ये आपणही आलो, असं तिला वाटलं. तिने माझ्या दादाला कळवलं. दादा वहिनीला घेऊन धावला.

तीन तासांनी मी शीळ घालत परतलो, तर घर माणसांनी भरलेलं. खोकी पुन्हा आत. काळजीने सगळ्यांना भूक लागली म्हणून वहिनीने ब्रेड भाजला होता, आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत चुरा सांडला होता.

“कुठे गेला होतास?” दादाने गंभीर आवाजात विचारलं.

“पीठ आणायला.”

मग मुख्याध्यापिकांनी पर्समधून लाल पेन काढलं, चिठ्ठीतलं ‘सगळं’ खोडून ‘गव्हाचं’ लिहिलं आणि मी पोटापाण्यासाठी काय करतो, असं विचारलं. छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासतो, हे मी शक्य तितक्या हळू सांगितलं.

जाताना त्या माझ्या कानात म्हणाल्या, की तुमची बायको फार रडली, असा समजूतदार माणूस शोधून सापडणार नाही म्हणत होती. मी हवेत तरंगतच स्वयंपाकघरात गेलो. ती सगळे डबे पुन्हा मोरीत मांडत होती.

“बाई सांगत होत्या, तू माझ्याबद्दल काहीतरी छान बोललीस,” मी म्हणालो. “पुन्हा एकदा म्हण ना.”

तिने घासणी माझ्या हातात दिली.

“ते तू गेलास असं वाटलं तेव्हा.”