नासुनाच्या नावाची हद्द

मसाका शहरी, नाकतोड्यांचे हंगामी, एका नावाकरिता जी मोहीम जाहली, ती पाहणारांचे तोंडून ऐकोन, पदरचे काही न घालता लिहिली असे. वाचणारांनी हसावे, परंतु कलमे ध्यानी ठेवावी.

जुळ्यांचे बाप म्हणोन सालोंगो हा किताब ज्यांस प्राप्त, ते लुबवामा, तळल्या नाकतोड्यांचे व्यापारी. त्यांची स्त्री नासुना, जिचे हातची चव कंपालापावेतो मशहूर, ती गतसाली निवर्तली. मग सालोंगोंनी मनसुबा केला की तिचे नावाची वेबसाइट उभारावी आणि माल त्याच नावे मुलखोमुलखी जावा. कामाचा मक्ता कंपालाचे मुगालुला यास दिला. हा संगणकात मातबर. परंतु नाकतोडा त्याचे कुळाचे देवक, सबब माल तोंडी लावीत नसे, फोटो मात्र झकास काढी.

गावचे चेअरमन ब्बोसा यांचे शिक्क्याखेरीज करार सालोंगोंस मंजूर नव्हता, आणि चेअरमनसाहेबांचे दफ्तरी मसुदा एकच, जमीनखरेदीचा. त्यांनी तोच काढिला आणि ‘जमीन’ खोडून ‘वेबसाइट’ लिहिले.

“पूर्वेला शेजारी कोण?”

“साहेब, इंटरनेटला पूर्व नसते,” मुगालुला म्हणाला.

“मग तिकडे उजाडतं कुठून? असू दे, पूर्वेला कोणी नाही असं लिहितो.”

मुगालुला पोट धरून हसला, आणि हसता हसता न वाचताच सही करून गेला. त्यात कलम पाचवे ऐसे होते: विकणाराने पंचांसमक्ष हद्द चालून दाखवावी, सर्व किल्ल्या हवाली कराव्या आणि मागाहून कसलाही हक्क सांगू नये.

तीन महिन्यांत साइट उभी राहिली. मग मुगालुलाचा खलिता आला की, वेबसाइटचे नाव त्याचे खात्यात नोंदले आहे, कोडही त्याचाच. सालोंगोंनी खुशाल वापरावे, परंतु साल दरसाल त्याची परवानगी घ्यावी. हे वाचून सालोंगोंनी खलिता कन्येपुढे ठेविला.

“नाकतोडे पुढच्या पावसात परत येतील,” ते म्हणाले, “पण तिचं नाव मी परक्याच्या खिशात ठेवायचं?”

कन्या बाबिर्ये वकील. तिने करार दोनदा वाचिला.

“बाबा, त्यानं पाचवं कलम पाहिलेलं दिसत नाही.”

“अगं, ते शेताचं आहे.”

“सही मस्करीत केली म्हणून करार मस्करीचा होत नाही. चला, हद्द चालून येऊ.”

मग सालोंगो, बाबिर्ये, चेअरमन आणि दोघी शेजारणी पंच, ऐसी फौज भाड्याचे गाडीतून कूच करोन कंपालास मुगालुलाचे कचेरीत दाखल जाहली. चेअरमनसाहेबांचे काखेत हद्दीवर लावावयाचे रोप होते. ते त्यांनी संगणकाशेजारी ठेविले आणि हद्द दाखवण्याचा हुकूम केला.

“अहो, ही काय केळीची बाग आहे?” मुगालुला म्हणाला.

“सही तुझीच ना रे?” थोरल्या शेजारणीने विचारले. “मग चाल पुढं.”

बाबिर्येने कलम वाचोन दाखविले आणि कोर्टाचे नाव हळूच घेतले. मुगालुलाचे हसणे तेथे सरले. मग एकेक पान उघडीत हद्द चालणे सुरू जाहले, आणि शेजारणी प्रत्येक बटण दाबवून पाहू लागल्या.

“हे दार कुठं जातं गं?” धाकटीने ऑर्डरीचे बटण दाखवून बाबिर्येस विचारिले.

मुगालुला गडबडला. ऑर्डरी घेण्याचे काम त्याने नैरोबीच्या एकास परस्पर दिले होते, आणि एक किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याजपाशी होती.

“पोटकूळ ठेवलंस,” चेअरमन म्हणाले, “आणि मालकाला पत्ताच नाही.”

तेव्हाच फोन लावविला. नैरोबीकराने किल्ली सोडिली आणि आपण लिहिलेला कोडही सालोंगोंचाच, ऐसे लिहून धाडिले. मग मुगालुलाने नावाचा ताबा देण्याचे पान उघडले. त्यात नव्या मालकाचे नाव भरावयाचे होते.

“नासुना लिहा,” सालोंगो म्हणाले.

बाबिर्ये बापाशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “बाबा, गेलेल्या माणसाच्या नावावर होत नाही. तुमचं लिहावं लागेल.”

“म्हणजे वर दुकानावर तिचं नाव, आणि खाली कागदावर माझं?”

“हो.”

“मग लिही. घरातही तसंच होतं.”

येणेप्रमाणे नाव, कोड आणि दोन्ही किल्ल्या हस्तगत जाहल्या. पंचांनी अंगठे केले, चेअरमनसाहेबांनी शिक्का मारिला. माणूस एकही जाया न होता मोहीम फत्ते जाहली. सायंकाळी पहिली ऑर्डर आली, नासुनाचे नावे. सालोंगोंनी ती मोठ्याने वाचिली, आणि मग पुन्हा वाचिली.