मेश्रामांच्या दाराची बेल

प्रल्हाद मेश्राम समोरच्याच्या ट्रॉलीच्या चाकाखाली बूट घालतात. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये तुम्ही तांदळाचं पोतं, कोथिंबीर आणि फ्रोझन पराठे घेऊन गाडीकडे निघालेले असता आणि एकाएकी ट्रॉली अडते. खाली पाहावं तर एक तपकिरी बूट. वर पाहावं तर कानटोपीतून डोकावणारं हसू.

"जय भीम. फोन काढा जी. तीनच मिनिटांचं गाणं आहे."

फोन काढायचा, त्यांची वेबसाइट उघडायची, गाणं लावायचं आणि ते संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं. मधेच बंद केलं तर बूट हलत नाही. माझे पराठे अशा रीतीने दोनदा पूर्ण वितळलेले आहेत.

हे सगळं खरं आहे, यातलं काहीही मी नाकारत नाही. पण अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत 'आपल्यातले नमुने' या सदरात मेश्रामांचं नाव 'हॅकर काका' म्हणून छापून आलं आणि वाचून सगळे खो खो हसले, ते मी चालू देणार नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, तिथेही गळती एकीकडे आणि दोषी दुसरीकडेच असं पुष्कळ पाहिलं आणि गप्प बसलो. आता नाही बसणार. मेश्राम हॅकर नाहीत. हॅकर कोण आहे हे मला अगदी नक्की ठाऊक आहे.

पण आधी मेश्राम.

माणूस भंडाऱ्याचा. इकडे औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते. गोळी पोटात वेळेवर विरघळते की नाही हे तपासण्याचं काम. बायको गेली, मुलगी लग्न होऊन सिॲटलला गेली, रिटायर झाले आणि मग कपाटावरची पेटी खाली काढली. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, आवाजही स्वतःचाच, म्हणजे थोडा खरखरीत. गाणी कशावर? तर थर्मोस्टॅटवरून भांडणाऱ्या नवराबायकोवर. बर्फात गाडी खणून काढणाऱ्या नव्या जावयावर. घरून काम करणाऱ्या सुनेवरचं त्यांचं गाणं मला फार आवडतं: 'मीटिंग तुमची संपेना, कढी चालली उतू.' ते ऐकताना हसू येतं आणि शेवटच्या कडव्यात चष्मा पुसावा लागतो. असं दोन्ही ज्याला जमतं त्याला आम्ही नमुना म्हणतो. धन्य आहे.

ही गाणी फक्त त्यांच्या वेबसाइटवर मिळतात. लोकांनी किती सांगितलं, "काका, ॲपवर टाका ना यार, रीच वाढेल." मेश्राम भडकतात.

"ॲप म्हणजे भाड्याचा हॉल जी! लोक येतात, जेवतात, लग्न कोणाचं आहे तेही विचारत नाहीत. माझं गाणं ऐकाचं असंल तर माझ्या घरी या."

घर म्हणजे वेबसाइट. ती उघडली की आधी हिरव्या रंगाचं एक दार दिसतं. त्यावर बोट ठेवलं की ते करकरतं आणि मग आत गाणी. माझी नात म्हणाली, "आजोबा, धिस इज सो ओल्ड." मी ते मेश्रामांना सांगितलं. ते म्हणाले, "घर जुनंच असते बाप्पा."

नवीन श्रोता मिळवायची त्यांची पद्धतही घरचीच. तुम्ही तिथे नाव, ईमेल आणि फोन नंबर दिलात की बरोबर जेवणाच्या वेळी फोन येतो. "मेश्राम बोलून राहिलो. काल तुम्ही घरी आलते. जेवले का?" गाण्याचं नावही काढत नाहीत. आणि कोणी यादीतून नाव कमी केलं तर त्यांना तो पाहुणा पानावरून उठून गेल्यासारखा वाटतो. रोहन नावाच्या एका आयटीतल्या मुलाने इनबॉक्स साफ करताना बाकीच्या पन्नास गोष्टींबरोबर मेश्रामांनाही अनसब्स्क्राइब केलं. शनिवारी सकाळी दारात मेश्राम, हातात चिवड्याचा डबा.

"काय कमी पडलं जी? गाणं आवडलं नाही म्हणून गेले, का घाईत गेले?"

"काका, मी जस्ट मेल्स क्लीन करत होतो..."

"घाईत गेले. मंग परत या. चिवडा ठेवा."

रोहन परत आला. आता सांगतो, मेश्रामांच्या यादीतून बाहेर पडणं व्हिसा मिळवण्यापेक्षा कठीण आहे.

आणखी एक. वेबसाइटचं दार कोणी उघडलं की त्यांच्या लॅपटॉपवर बेल वाजते. आपल्याकडे फ्लॅटच्या दारावर असते तशी, टिंग-टाँग. त्यांनी ती मुद्दाम बसवून घेतली आहे. बेल वाजली की हातातलं काम टाकून उठतात आणि लॅपटॉपला म्हणतात, "या, बसा." हे मला त्यांनीच सांगितलं होतं. मी तेव्हा हसलो होतो. सगळेच हसतात.

आता ते प्रकरण.

आम्हा म्हाताऱ्यांचा गट दर बुधवारी लायब्ररीच्या एका खोलीत जमतो. कोणाचा मुलगा सोडतो, कोणाची सून. त्या गटातला टेक्निकल माणूस मी. आवाज गेला, अक्षर बारीक झालं, पासवर्ड विसरला, की टॅब माझ्यापुढे येतो. दोन वर्षांपूर्वी मंडळाने मेश्रामांना पहिल्यांदाच दिवाळीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं दिली होती. इतकी वर्षं 'थीममध्ये बसत नाही' म्हणून टाळलेला माणूस स्टेजवर उभा राहणार होता. मेश्राम मोहरून गेले होते. नवा कोट शिवायला टाकला. "तवापर्यंत घरी येणारे वाढले पाहिजेत," असं येता-जाता म्हणत होते. मला वाटलं, आपण थोडा हातभार लावावा. त्या बुधवारी सगळ्यांचे टॅब गोळा केले आणि चालू करताच मेश्रामांचं दार आपोआप उघडून गाणं लागेल अशी सोय करून दिली. आवाजही मोठा केला, कारण आम्हाला कमी ऐकू येतं. मेश्रामांना याचा पत्ता नव्हता. त्यांना मी दिवाळीच्या दिवशी सांगणार होतो.

आमच्यातल्या कुमुद मावशींचा टॅब त्यांच्या जावयाचा, अमोलचा, निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो ऑफिसच्या मीटिंगसाठी उघडला आणि साऱ्या अमेरिकेतल्या साहेबांपुढे पेटी वाजली: 'मीटिंग तुमची संपेना, कढी चालली उतू.' त्याच्या बॉसने म्हणे टेबलावर ताल धरला होता. हे मात्र कोणी सांगत नाही.

मग व्हॉट्सॲपवर जी धुळवड झाली ती काय सांगू! 'सिक्युरिटी ब्रीच.' 'सीनियर्सना टार्गेट केलंय यार.' 'आज गाणं, उद्या बँक अकाउंट!' अरे, ज्यांना टार्गेट केलं ते आम्ही इथेच बसलो होतो ना? आम्हाला एकाने तरी विचारलं का? कुमुद मावशींना ते गाणं सकाळी आपोआप लागतं म्हणून किती आनंद झाला होता! अमोलने ते काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं दार कशाला काढलंस रे?" त्याला वाटलं मावशींचं वय झालं.

क्लबहाउसमध्ये मीटिंग बोलावली. अमोल उभा राहिला.

"काका, पॉइंट गाण्याचा नाहीये. तुम्ही परमिशन न घेता आमच्या घरात शिरलात."

मेश्रामांनी चमकून वर पाहिलं. मग त्यांनी हळूहळू खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या प्लेटमध्ये समोसा होता आणि मी त्याच्याकडे पाहत होतो.

"दार जोरात वाजलं असंल तर माफी करा जी," मेश्राम म्हणाले. "घर माझंच आहे."

मी का बोललो नाही? तर त्याच महिन्यात मी घरातलं राउटर सुधारायला घेतलं होतं आणि घर दोन दिवस इंटरनेटवाचून बसलं होतं. माझा मुलगा निखिल म्हणाला होता, "बाबा, नेक्स्ट टाइम मी टॅब काढून घेईन हां." तोच निखिल मंडळाचा सेक्रेटरी म्हणून समोर बसला होता. सकाळी आठला घर रिकामं होतं ते संध्याकाळपर्यंत. मला गाडी चालवता येत नाही. आमच्या रस्त्याचा फुटपाथ कोपऱ्यावर संपतो, पुढे नुसतं गवत. टॅब गेला असता तर मी दिवसभर फ्रीजचा आवाज ऐकत बसलो असतो. मी समोसा खाल्ला.

निखिल म्हणाला, "मग काकांचा दिवाळीचा आयटम आपण सध्या होल्डवर ठेवू." ती दहा मिनिटं पोरांच्या एका फिल्मी नाचाला गेली. होल्ड अजून उठलेला नाही. नवा कोट मी कोणाच्या अंगावर पाहिला नाही.

स्मरणिका घरी आली त्या दिवशी वाचून माझं डोकंच फिरलं. राग कोणाचा होता ते विचारू नका. छापणाऱ्यांचा होता, हसणाऱ्यांचा होता आणि त्या समोशाचाही होता. दुपारी कानटोपी घातली आणि चालत निघालो. फुटपाथ संपला तिथून गवतातून गेलो. इकडे रस्त्याने चालणारा म्हातारा म्हणजे घर चुकलेलाच असणार. दोन गाड्या थांबल्या. "आर यू ओके, सर?" नाही, मी ओके नाही, असं सांगणार होतो, पण इंग्रजीत इतकं सगळं कुठे सांगणार!

मेश्रामांच्या घराला खरं दारही हिरवंच आहे हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. बेल दाबली. टिंग-टाँग.

आत खुर्ची सरकली. पावलं वाजली. मग आवाज आला, "या, या! बसा जी. कोण गाव?"

दार काही उघडलं नाही. मला वाटलं कडी अडकली असेल. पुन्हा बेल दाबली.

"अरे वा! जोडीनं आले!"

दाराशेजारच्या काचेतून मी आत पाहिलं. मेश्राम टेबलावरच्या लॅपटॉपसमोर हात जोडून किंचित वाकून उभे होते आणि पडद्यात बारीक डोळ्यांनी कोणाला तरी शोधत होते. दाराकडे त्यांची पाठ होती.

मी काचेवर टकटक केलं. त्यांनी वळून पाहिलं. दाराशी माणूस उभा आहे हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

"काहून जी सबनीस साहेब," दार उघडून ते म्हणाले, "पायी आले?"

मी उंबऱ्यातच सांगून टाकलं. "मेश्राम, ते टॅब मी केले होते."

"माहीत आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? अहो, स्टेज गेलं तुमचं!" मी त्यांच्यावरच ओरडलो.

त्यांनी माझ्या हातातली टोपी घेतली आणि खुंटीला लावली.

"निखिलनं तुमचा टॅब काढून घेतला असता. दुपारी सारे ऑफिसात असतात जी. चहाच्या वक्ताला माझ्या घरी एकच बेल वाजते. अन् ते माणूस गाणं पुरं ऐकून जाते. ग्रोसरीत तुम्ही तेच गुणगुणत येता, मला समजत नाही का? स्टेज दहा मिनिटांचं होतं. तुम्ही रोज येता."

निखिल, टॅब काढून घ्यायचा तर घे. मला आता गवतातली वाट माहीत झाली आहे. पण ती दहा मिनिटं त्यांची त्यांना परत द्या. पुढच्या स्मरणिकेत हॅकर म्हणून माझं नाव छापा. सबनीस, हवं तर फोटोसकट.

आणि बाकीच्यांनो, त्यांच्या वेबसाइटवर जा, जरूर जा. पण कधीतरी त्यांच्या खऱ्या घरीही जा. फक्त एक लक्षात ठेवा. पहिली बेल वाजली की ते लॅपटॉपकडे जातात. तुम्ही परत फिरू नका. काचेवर टकटक करा आणि थोडं थांबा. त्यांना वळून पाहायला वेळ लागतो.