एकोणचाळीस अंश

मे महिन्यात दुबईत, आमच्या अल क्वोजच्या गोदामात पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. तिथे सकाळी सात वाजता, घामाने निथळत, मल्लावकाका मला विचारतात, "बर्फ सुटला का?"

हे त्यांचं गुड मॉर्निंग.

काका आमचे स्टोअरकीपर. उजनीच्या काठचे भोई. धरणातला मासा कुठल्या महिन्यात किती खोल बसतो हे त्यांना तोंडपाठ. दुबईत वीस वर्षं काढली, पण समुद्राचा मासा तोंडात घातला नाही. "खाऱ्या पाण्यात कुणी पण जगेल. त्यात काय मोठं?"

त्यांचा एकुलता एक गणेश हॉटेल मॅनेजमेंट करून अमेरिकेत, पार उत्तरेला, एका तळ्यावरच्या रिसॉर्टमध्ये लागला आहे. सीझन सुरू झाला की पाहुण्यांना होडीतून मासे धरायला नेतो. तिथे रेंज नाही, फोन फक्त रविवारी. मधल्या सहा दिवसांना आधार एकच: रिसॉर्टच्या वेबसाइटवरचा रोजचा फिशिंग रिपोर्ट. तो इंग्रजीत. आणि गोदामात ग्रॅज्युएट मी एकटा. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिला. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

"यल्ला, चल ग्रॅज्युएट, वाच."

मी वाचायचो. वरच्या टोकाला बर्फ अजून आहे. वारा जोरात. मासा तळाला, गळ सावकाश हलवा.

"बरोबर. गारठलेला मासा तोंड उघडत नाही." नाहीतर एकदम भडकायचे, "असल्या वाऱ्यात होडी काढतात? मी असतो तर एकेकाला झोडपला असता!"

एका बुधवारी तळ्यावरचा सगळा बर्फ सुटला. शुक्रवारी रिपोर्टमध्ये आलं, पाणी एकोणचाळीस.

"एकोणचाळीस?"

"अमेरिका आहे काका. तिथे सगळं फास्ट."

काका माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "हां. अमेरिका." मग त्यांनी गावी मंगलकाकूंना फोन लावला, स्पीकरवर. "ऐक, ग्रॅज्युएट काय सांगतोय."

मी ठासून सांगितलं, "काकू, एकोणचाळीस! अंघोळीचं पाणी!"

पलीकडून मोठा सुस्कारा आला. काकूंचा धाकटा भाऊ ऐन थंडीत जाळं काढताना धरणात पडला होता. पट्टीचा पोहणारा, पण गारठ्याने हातच चालले नाहीत. गणेश होडीवर जातो हे कळल्यापासून काकूंना झोप नव्हती. त्या दिवसापासून नेम पडला: आधी रिपोर्ट, मग काकूंना आकडा.

शारजाला घरी मी हे कौतुकाने सांगितलं, तर सहावीतली माझी मुलगी हसायलाच लागली. "बाबा, दॅट्स फॅरनहाइट. इट्स लाइक फोर डिग्रीज!"

दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये दीड तास मी माफीची वाक्यं जुळवत होतो. पोचलो तर काका गोदामामागे. कामगारांच्या पाण्याच्या बाटल्या गार करायच्या बर्फाच्या टबात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला होता. नजर घड्याळावर.

"काका, माझं चुकलं. पाणी चारच अंश आहे."

"माहितीय. एकोणचाळीसला मासा उलटा तरंगतो रे. भोयाला शिकवतोस?" त्यांनी हात बाहेर काढला. लालभडक झालेली बोटं मिटत नव्हती. "दहा मिनिटांनी मूठ वळत नाही. पडलाच, तर त्याच्या आत होडीची कड धरायला पाहिजे."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मी खोटं बोललो की तिला आवाजावरून कळतं. तू मनापासून बोलत होतास."

"पण आता मलाही माहितीय."

"हां," काका म्हणाले. "खलास."

तेवढ्यात फोन वाजला. आज उशीर झाला म्हणून काकूंनीच लावला होता. काकांनी डाव्या हाताने स्पीकर चालू केला आणि मान दुसरीकडे फिरवली.

मी घसा साफ केला. "काकू, आज चाळीस. एकाने वाढलं."

"बरं झालं बाबा." मग म्हणाल्या, "त्या रिपोर्टखाली आपल्याला काही लिहिता येतं का रे?"

"येतं की."

"मग गणेशला लिही. म्हणावं, पाणी कोमट असलं तरी कानटोपी काढू नको. आणि हातमोजे ओले झाले की लगेच बदल."

काका रुमालाने हात पुसत होते. हात कधीचा कोरडा झाला होता, तरी पुसतच होते.