ज्वारीच्या पेशीतला मुकादम

ज्वारीचं ताट शहाणं की गावची दुष्काळ समिती, यावर कोंडिबा आणि शेजारचा मच्छिंद्र यांच्यात रीतसर पैज लागली. हरेल त्यानं भर दिवसा गुरांच्या छावणीत दावं बांधून घ्यायचं आणि कडबा खायचा.

याला कारण धाराशिवच्या कॉलेजातल्या तारामतीबाई. त्यांनी पारावर समजावलं होतं, "झाडाच्या पेशीत एक मुकादम असतो. शास्त्रात त्याला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. एरवी मदतनीस प्रथिनं त्याला धरून बसतात. ऊन तापलं की बाकीची प्रथिनं वेडीवाकडी होतात, ती सावरायला मदतनीस धावतात आणि मुकादम सुटतो. तो केंद्रकात जाऊन जनुकांना कामाला लावतो, आणखी मदतनीस तयार करवतो. ताण सरला, की तेच मदतनीस त्याला पुन्हा खाली बसवतात."

"म्हंजी आपली समितीच की!" कोंडिबा हरखला. "पाऊस पडला की तीबी खाली बसंल."

"न्हाय बसायची," मच्छिंद्र म्हणाला. "लाव पैज."

भाद्रपदात पाऊस लई पडला. ज्वारीची मिटलेली पानं सकाळपर्यंत उलगडली. समितीनं मात्र पावसामुळं दुष्काळात अडथळा आल्याबद्दल तातडीची बैठक घेतली.

रानाला वापसा आला, माती पेरणीजोगी झाली. कोंडिबा बैल आणायला छावणीवर गेला. चेअरमन आबाराव जीपच्या सावलीला बसले होते.

"आबासाहेब, बैल सोडा. रब्बीची पेरणी हुकली तर खावं काय?"

"बैल सोडले तर छावणी ओस पडंल. छावणी ओस पडली की दुष्काळ संपला. मग समितीनं काय करावं?"

"पर पाऊस पडलाय की वो!"

"तसं वरून कळवलंय का कुणी?"

"वरूनच तर पडला!"

मच्छिंद्रनं मागून खांद्यावर हात ठेवला. "हरलास लेका. चल खुंट्याला."

अख्ख्या गावादेखत कोंडिबाला दावं लागलं. त्यानं कडब्याचं ताट तोंडात धरलं. गाव पोट धरून हसलं. आबाराव मात्र गंभीरपणे उठले.

"एक डोकं वाढलं. याच्या बदली एक बैल सोडा. कागदावर डोकी लिवायची असत्यात, शिंगं न्हाय."

"मलाबी बांधा," कोंडिबाची बायको केशरबाई पुढं आली. "धन्याचा दुसरा बैल तरी सुटंल."

हसणं थांबलं. रांग लागली. मच्छिंद्रचेही बैल आतच होते; तोही रांगेत शिरला.

दिवस मावळायच्या आत सगळे बैल रानात होते आणि सगळं गाव छावणीत. पेरणी कुणी करायची, हा प्रश्न एकाच्याही तोंडून निघाला नाही. तोंडात कडबा होता. ही गोष्ट ऐकून हसणारांसाठी आबारावांनी पलीकडं आणखी खुंटे ठोकून ठेवलेत.