सरकारचं प्रगतिपत्रक, पालकाच्या सहीसह

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की तायडेकाका आमच्या गावच्या नगरपालिकेच्या कार्यालयाला प्रगतिपत्रक देतात. खरंखुरं, शाळेचं, निळ्या पुठ्ठ्याचं. आतले विषय मात्र खोडून त्यांनी हातानं नवे लिहिलेले असतात. गणिताच्या जागी नाल्या, इतिहासाच्या जागी रस्त्यावरचे दिवे. चित्रकलेच्या जागी उद्घाटनं, आणि त्यात दरवर्षी अ श्रेणी. खाली शेरा: 'हुशार आहे. वर्गात लक्ष नसते.'

गावाचं नाव सांगत नाही. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना लागतं, एवढं पुरे. माझे तीन अर्ज अजून तिथल्या टेबलांवर पडून आहेत.

काका म्हणजे उत्तमराव तायडे, गावातल्याच शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. निरोप समारंभात शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. यांनी वर कोऱ्या प्रगतिपत्रकांचा गठ्ठा मागून घेतला, रद्दीत निघालेला. त्यातलं एक ते दरवर्षी आधी स्वतःचं भरतात आणि कार्यालयाच्या कार्डाला टाचणीनं जोडतात. हा करार आहे, आणि कराराला दोन बाजू असतात, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षीचं त्यांचं कार्ड मी पाहिलंय. मतदान: उत्तम. ओला-सुका कचरा: उत्तम. रस्त्यावर थुंकणे: एकदा. कारण: तोंडात चिलट गेले.

कार्ड देताना त्यांचं एकच वाक्य असतं. "आपला भाग झाला, आता तुमचा."

आमची ओळख भांडणातून झाली. चार वर्षांपूर्वी मी बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. वर मोठ्या टाइपात, 'झोपलेल्या सरकारा, जागे हो!' काकांनी चष्मा लावून, उभ्या उभ्या, छापखान्याच्या नावासकट सगळं वाचलं.

"पोरी, हे सरकार म्हंजे कोन?"

"सरकार म्हणजे सरकार! सगळी यंत्रणा."

"टेबल कोनता?"

मी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं.

"झोपला कोन हाय थे त लिव. नाव नाई, टेबल नाई, मंग उठन कोन?"

मला राग आला. म्हटलं, काका, तुम्ही त्यांच्या बाजूचे दिसता. तर म्हणाले, "मी कोनाच्याच बाजूचा नाई. शाळेत रोज परिपाठाले उद्देशिका होये. मी मांगं उभा राहून ऐको. पयला शब्द काय हाय? 'आम्ही'. साहेब नाई, मंत्री नाई. सरकार आपलंच पोट्टं हाय. बिघडलं त कान आपनच धरा लागते."

त्या दिवसापासून माझ्या पत्रकांत टेबलांची नावं असतात. त्यामुळे माझे शत्रू वाढले, पण कामंही व्हायला लागली.

भाजीबाजाराचं काम मात्र होत नव्हतं. तिथे बायांसाठी स्वच्छतागृह बांधून झालं, फीत कापून झाली, फोटो छापून आला, आणि त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागलं. दीड वर्ष ते निघालं नाही. पहाटे वावरातून माल घेऊन आलेल्या बाया अंधार पडेपर्यंत बाजारात बसतात. त्यांनी जायचं कुठे? नदीकडच्या बाभळींत, तेही दोघी-तिघींनी मिळून, एकीनं रस्त्याकडे तोंड करून. पुरुष कुठेही भिंत बघून उभे राहतात. कार्यालयाचं उत्तर ठरलेलं: 'देखरेखीची जबाबदारी निश्चित झालेली नाही.' अशा कुलपाला मी गुन्हाच म्हणते.

"हातोडा आणते," मी म्हटलं.

"आन. आयतंच सापडन त्याइले. म्हंतीन, पाहा, बायाच तोडफोड करतात. मंग कुलूप पक्कं."

त्यांनी काय केलं? भर जुलैत एक खास कार्ड काढलं. विषय एकच, बाजाराचं स्वच्छतागृह. निकाल: अनुत्तीर्ण. आवक टेबलावरचा गजानन त्यांच्याच शाळेत शिकलेला. तो हात जोडून म्हणाला, "काका, याच्यावर मी काय कारवाई करू? मले सांगा, शाळेत तरी असं कार्ड चालते काय?"

काका चिडतील असं मला वाटलं. ते कार्डाकडे बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "नाई चालत. पोट्टा बरोबर बोलून राहिला. पालकाची सही राह्यली."

इतक्या वर्षांच्या एकाही कार्डावर ती सही नव्हती! पुढचे चार दिवस काका शाईपॅड घेऊन टोपलीटोपलीपाशी उकिडवे बसत होते.

शेवंताबाई वांगी विकते. ती म्हणाली, "मी काहून सही करू, भाऊ? मी काय त्या साहेबाची माय हाव?"

"मायच हायेस. बाजाराच्या पावतीचे पैसे कोन भरते? मत कोन देते?"

"असं पोट्टं माह्यं असतं त चपलीनं हानलं असतं!"

"थे शेऱ्यात लिव. सही येथी कर."

बाजार हसला आणि सह्या होत गेल्या. जागा पुरेना तेव्हा काकांनी खाली वहीची पानं चिकटवली. मग कार्यालयाला पत्र: 'पाल्याच्या प्रगतीबाबत भेटण्यास पालक सोमवारी अकरा वाजता येत आहेत.'

सोमवारी अख्खा बाजार व्हरांड्यात येऊन बसला. मी तीन घोषणा तयार करून आणल्या होत्या. काकांनी एकही देऊ दिली नाही. "पालकसभेत कोनी वरडते काय?"

साहेब बाहेर आले. इतक्या बाया गप्प बसलेल्या पाहून ते मोर्च्यापेक्षा जास्त घाबरले, हे मी स्वतः पाहिलं. तरी बोलले तेच, जबाबदारी कुणाची? काकांनी खिशातून दुसरं कार्ड काढलं, स्वतःचं. 'किल्ली, झाडझूड, पाणी, रोज सकाळी सहा ते सायंकाळी सात: मी करीन.'

"आपला भाग झाला, आता तुमचा."

मी त्यांचा सदरा ओढला. "काका, हे त्यांचं काम आहे! तुम्ही कशाला?"

"खालची ओळ वाच."

खाली होतं: 'मुदत साठ दिवस. त्याआधी कामगार नेमणे.'

साहेबांनी तिथेच सही केली. दहा मिनिटांत गजानन किल्ली घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी बाजारात गेले. दार उघडं, पायरी धुतलेली, आणि आत कुणीच जात नव्हतं. काका एका हातात कळशी, दुसऱ्या हातात गिलास घेऊन टोपल्यांमधून फिरत होते आणि चक्क ओरडत होते. "पे म्हन्तो ना! दार उघडं हाय आता! पे!"

मला हसू आलं. म्हटलं, "काका, पाणपोई कधी काढली?"

ते ऐकून न ऐकल्यासारखे पुढे गेले. शेवंताबाईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"हासू नको, माय. आमी बाजारात पानीच पेत नाई. पेलं त जा लागते. सवयच पडली. याची बायको निर्मला येथीच बसे, माह्या बाजूले. दिवसभर घोटभर पानी नाई. मंग किडन्या गेल्या, अन् थे बी गेली." तिनं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "अन् हा त्या शाळेत. लेकराइच्या पानी प्याच्या सुट्टीची घंटा हाच वाजवे. तिले येथीवरी ऐकू ये."

चार वर्षांत काकांनी हे मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

काका फिरून आमच्यापाशी आले. गिलास भरला. "शेवंताबाई, तुह्यं राह्यलं."

तिनं दोन घोट घेऊन गिलास खाली ठेवला. काका हलले नाहीत.

"पुरा."

तिनं गिलास रिकामा केला. थोडा वेळ टोपलीतली वांगी उगीच वरखाली करत बसली. मग पदर खोचून उठली, कुणाकडे न बघता म्हणाली, "माह्ये वांगे पाह्यजा, भाऊ," आणि पायरी चढून आत गेली.

काका तिच्या पोत्यावर बसले. एक गिऱ्हाईक येऊन वांगी दाबायला लागलं. "कसे दिले?"

"थांबा जरा," काका म्हणाले. "बाई आत गेली हाय."