स्वतःच्या विषयात नापास

माणूस जन्माला येताना नाक, कान, डोळे हे अवयव सोबत घेऊन येतो. व्यक्तिमत्त्व मात्र त्याला नंतर मिळते, आणि ते शाळेमार्फत मिळते. शहरात ते लवकर पोचते. आमच्या गावात (अड्याळहून आठ किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा, त्यातली एक खरोखर येते) ते यंदा सप्टेंबरात पोचले.

आधी पत्रक आले. ‘इयत्ता सातवीतील प्रत्येक विद्यार्थ्यास महिनाअखेर आत्मभान प्राप्त व्हावे व तसा अहवाल दोन प्रतींत सादर करावा.’ मी या शाळेत मराठी शिकवतो. आत्मभान हा शब्द मराठी असल्यामुळे विषय माझ्याकडे आला.

आमचे मुख्याध्यापक तेजराम सर पत्रकाच्या बाबतीत अतिशय भाविक आहेत. गेल्या वर्षी ‘आनंद’ आला होता, तो त्यांनी चार दिवसांत पूर्ण शाळेत वाटून संपवला आणि पोचपावती घेतली. त्यामुळे आत्मभानाचीही काळजी नव्हती. सातवीचा पट एकेचाळीस. रोज सात जणांना भान आले तरी सहा दिवसांत काम आटोपत होते.

त्यासाठी भंडाऱ्याहून तज्ज्ञ बोलावले. धनंजय सर. पूर्वी ते मोबाइलची कव्हरे विकत; म्हणजे बाहेरून विकास करण्याचा दांडगा अनुभव. सप्टेंबरच्या उकाड्यात कोट घालून आले आणि तीन दिवस त्यांनी तो काढला नाही, यावरूनच त्यांच्या आत्मविश्वासाची कल्पना यावी. त्यांनी मुलांना तीन गोष्टी शिकवल्या: हात घट्ट मिळवणे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे आणि वरचे आठ दात दिसतील असे हसणे. (नऊ दिसल्यास तो उद्धटपणा.)

परिणाम तत्काळ दिसला. गावात बापलेकांनी हात मिळवण्याचे प्रमाण शून्यावरून दर घरी दिवसाला साडेतीनवर गेले. चौथ्या दिवशी मोनूचे वडील नत्थू शाळेच्या दारात उभे राहिले.

“सर जी, पोट्टा सकाळी उठला का हात मिळवते. मी म्हसरं सोडू का याचा हात धरून बसू? अन् डोळ्यांत डोळे घालून पाहून राहिला. मले वाटलं, याचे डोळे आले.”

“नत्थूभाऊ, त्याचा विकास होऊन राहिला,” तेजराम सर म्हणाले.

“किती दिवस चालते हे?”

“महिनाअखेरपर्यंत.”

नत्थूभाऊंनी मनातल्या मनात दिवस मोजले, “चालते मग,” म्हणाले आणि निघून गेले.

आता, मुलाला स्वतःची ओळख झाली की नाही हे मुलाला विचारून चालत नाही. त्यासाठी परीक्षा घ्यावी लागते. वीस गुणांचा पेपर काढला. विषय: ‘मी’. इथे मी, म्हणजे मराठीचा शिक्षक, एक रास्त अडचण मांडली. एकेचाळीस मुलांनी स्वतःविषयी एकेचाळीस तऱ्हेने लिहिले, तर तपासायचे कशाशी ताडून? धनंजय सरांनी लगेच खडू घेतला आणि फळ्यावर नमुना उत्तर लिहून दिले. ते असे:

‘माझे नाव अबक आहे. मी धाडसी, नम्र व जिद्दी आहे. मला पाण्याची भीती वाटते, हा माझा एकमेव दोष असून मी त्यावर मात करीन. यशस्वी होणे हे माझे ध्येय आहे. आरशात पाहिल्यावर मला प्रेरणा मिळते.’

उत्तर आटोपशीर होते, त्यात दोषही होता (दोष नसलेले व्यक्तिमत्त्व वरून परत येते), आणि मुलांना पाठ करायला दोन दिवस पुरले.

निकाल दणक्यात लागला. एकेचाळीसपैकी चाळीस उत्तीर्ण, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के आत्मभान. पहिला आला मोनू, वीसपैकी वीस. इतरांनी नावाच्या जागी स्वतःचे नाव घालून नमुन्यात फरक केला होता, त्याचा अर्धा गुण कापावा लागला. मोनूने एका अक्षराचा फरक केला नाही. त्याने ‘माझे नाव अबक आहे’ असेच लिहिले. प्रमाणपत्रही त्याच नावाने तयार झाले, आणि नत्थूभाऊंनी ते काच लावून भिंतीवर टांगले.

एकच मुलगी नापास झाली. हर्षा. बारा वर्षांची, दोन वेण्या, तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसणारी; विचारल्याशिवाय बोलत नाही, पण विचारले की खरे बोलते. तिने पेपरात लिहिले होते:

‘माझे नाव हर्षा आहे. मी पाण्यात बुडी मारून साठपर्यंत मोजू शकते. माझे दोष सहा आहेत. त्यातला एक म्हणजे डिंपलचा खोडरबर मी परत दिला नाही आणि हरवला असे सांगितले. बाकीचे पाच माझे मला सांगायचे नाहीत. ध्येय अजून ठरवले नाही, कारण मी सातवीत आहे. आरशात पाहिल्यावर कळते की उजवी वेणी आखूड झाली.’

पेपर तपासताना मी दोनदा हसलो, पण हसण्याला गुण ठेवलेले नव्हते. स्वच्छ अक्षराचे दोन दिले. वीसपैकी दोन. खाली लाल शाईत शेरा लिहिला: ‘स्वतःचा अभ्यास कमी पडतो.’

दुसऱ्या दिवशी तिची आई रुखमिणीबाई आल्या. निंदण सोडून आल्या होत्या. पायाला धानाच्या बांधीतला चिखल तसाच होता, म्हणून त्या ऑफिसच्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

“सर जी, पोरगी कशात नापास झाली?”

“स्वतःमध्ये,” तेजराम सर म्हणाले.

“म्हंजे?”

“म्हणजे ती कोण आहे, हे तिला सांगता आलं नाही.”

“मले विचारा ना. मी सांगतो. झोपेत दात खाते. खोटं बोलली का कान लाल होते. वांग्याची भाजी असली का पोट दुखते म्हणते. बापावर गेली नाही, माह्या सासूवर गेली.”

“बाई, हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे,” मी म्हणालो.

“मग तुमच्या पुस्तकात कोन आहे?”

तेजराम सरांनी नमुना उत्तर वाचून दाखवले. रुखमिणीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “हे कोनाचं पोट्टं होय? आमच्या गावातलं त नोहे.”

नियमाप्रमाणे हर्षाला उपचारात्मक वर्गात बसवले. पटसंख्या एक. मधल्या सुटीत बाकीची मुले मैदानात आत्मविश्वासाने ओरडत, आणि ही व्हरांड्यात बसून स्वतःला पाठ करी. डिंपल तिच्या शेजारून उठून पुढच्या बाकावर गेली. कारण खोडरबर नव्हते. आत्मभान नसलेल्या मुलीजवळ बसल्याने आपले उतरेल, अशी तिला भीती होती. हर्षा रडली नाही. पण दोन दिवसांनी मी हजेरी घेतली तेव्हा ती ‘हजर’ म्हणण्याआधी जरा थांबली, जणू खात्री करून घेत होती. मी त्याची नोंद ‘प्रगती’ या रकान्यात केली.

आठवड्याच्या शेवटी रुखमिणीबाई पुन्हा आल्या. या वेळी आवाज खाली होता.

“सर, पोरीले काय केलं तुमी? सकाळी तलावात म्हैस धुवाले पाठवलं, त काठावरच उभी. म्हणे, आई, मले पान्याची भीती वाटते, मी मात करीन. मी म्हटलं, कवा? त म्हणे, ते लिहिलं नाही.”

तेजराम सरांनी मला बाजूला घेतले आणि अत्यंत समाधानाने सांगितले, “वर्ग लागू पडून राहिला.”

पुरवणी परीक्षा झाली. हर्षाने नमुना उत्तर काना-मात्रेसह लिहिले. पेपर माझ्या टेबलावर पडला होता आणि मला तो तपासावासा वाटत नव्हता. (दमट हवेने लाल पेनाची शाई उतरत नव्हती, असे मी लेखी कळवले होते.) निकाल लागायचा असतानाच समारोपाचा दिवस उजाडला.

समारोप गावतलावाच्या पाळीवर ठेवला होता. पाऊस चांगला झालेला, तलाव काठोकाठ. एकेचाळीस मुले रांगेत, वरचे आठ दात दाखवत उभी. धनंजय सर पाणी सोडायच्या गेटच्या दगडावर चढले, जिथे पाणी सगळ्यात खोल आहे, आणि ‘आपल्या सोयीच्या वर्तुळाबाहेर एक पाऊल टाका’ या विषयावर बोलू लागले. बोलता बोलता त्यांनी ते टाकले. दगडावर शेवाळ होते.

कोटासकट ते गेले. एकदा वर आले, “अरे!” म्हणाले, पुन्हा गेले. फळ्यावरचे नमुना उत्तर त्यांनी स्वतःवरूनच लिहिले होते, हे मला त्या क्षणी समजले.

मी मुलांकडे पाहिले. हीच मुले उन्हाळाभर या तलावातून बाहेर निघत नाहीत. पण आता चाळीस मुले जागच्या जागी उभी होती. त्यांना पाण्याची भीती होती. तसे प्रमाणपत्र होते, आणि आपण अबक आहोत हे माहीत असलेला मोनू तर दोन पावले मागे सरकला. मला स्वतःला पोहता येत नाही. तेजराम सरांना येते. पण ते प्रथम कुणाला कळवावे या विचारात होते.

रांगेतून हर्षा पुढे आली. चेहरा पांढरा पडला होता. तिने पाण्याकडे पाहिले, मग तेजराम सरांकडे.

“सर, माझा निकाल लागला का जी?”

“काय?”

“मी पास का नापास? पास असन त मले भीती वाटते.”

धनंजय सरांचा हात तेवढा वर दिसत होता. पकड अजूनही घट्ट होती, पण हातात काही नव्हते. तेजराम सरांनी माझ्याकडे पाहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी निकालपत्रकाशिवाय निकाल जाहीर केलेला नाही.

“नापास!” मी ओरडलो.

“नापास!” तेजराम सर दोन्ही हात वर करून ओरडले. “नापास आहेस तू पोरी! पूर्ण नापास!”

हर्षाच्या तोंडावर रंग परत आला. मी आयुष्यात इतक्या आनंदाने नापास होणारे मूल पाहिले नाही. चप्पल काढली, नीट जोडीने ठेवली आणि सूर मारला. मी नकळत मोजू लागलो. चौतीसला दोन डोकी वर आली. तिने धनंजय सरांना कोटाच्या कॉलरला धरले होते, म्हशीला कानाला धरतात तसे, आणि “हात पाय नोका मारू जी, पडून राहा,” असे बजावत ती त्यांना काठाला घेऊन आली.

शुद्धीवर आल्यावर, गोधडीत बसून चहा पिताना, धनंजय सरांनी विचारले, “बेटा, एवढं धाडस तुझ्यात कुठून आलं?”

“धाडस नाही जी,” हर्षा वेणी पिळत म्हणाली. “मले पोहता येते.”

तिच्या सातवीच्या कागदावर ‘नापास’ कायम राहिले. तेजराम सरांनी तोंडी लावलेला निकाल बदलण्याची तरतूद नाही, आणि तिच्या आईने तसा अर्जच दिला: ‘राहू द्या.’ डिंपल पुन्हा शेजारी येऊन बसली. बुडायचे झाल्यास कोण जवळ असावे, हा हिशेब तिने केला असावा. अहवालात तलावाचा उल्लेख ‘जलसान्निध्यात प्रात्यक्षिक’ असा आहे. आमच्या शाळेला तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला. पहिल्या क्रमांकाच्या शाळेत नापास अशी एकही मुलगी शिल्लक राहिली नव्हती.

आता दुसरा टप्पा सुरू झाला आहे: अठरा वर्षांवरील नागरिक. त्यांचीही परीक्षा घ्यावी, असे आधी ठरले होते. पण तालुक्याच्या समितीने नमुन्यादाखल लोकांचे लग्नाचे बायोडाटा आणि नोकरीचे अर्ज मागवून पाहिले आणि परीक्षेची गरज नाही, असा एकमताने निर्णय झाला. सगळ्यांचे उत्तर शब्दाला शब्द बरोबर होते. आपणही उत्तीर्ण आहात. हार्दिक अभिनंदन. प्रमाणपत्र सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत शाळेतून घेऊन जावे. येताना आपण कोण आहात याचा लेखी पुरावा आणावा. आपल्याला स्वतःला त्याबाबत काय वाटते, ते ग्राह्य धरले जाणार नाही.